कॅरीमॅट, फुगवायची मॅट की घरची सतरंजी? ट्रेकला जमिनीवर झोपायचं असेल तर

रात्री तीनच्या सुमाराला हरिश्चंद्रगडावर माझ्या खुब्याचं हाड जमिनीला टेकलं आणि जाग आली. डिसेंबर होता, मॅट नवीकोरी होती, सात सेंटिमीटर जाड, फुगवायची, आणि झोपताना टम्म असलेली ती आता पत्रावळीसारखी चपटी झालेली. बाजूला मित्र आठ वर्षं जुन्या निळ्या फोमच्या कॅरीमॅटवर मस्त घोरत पडलेला. संध्याकाळी त्याच मॅटला मी हसलो होतो. मग सॅक रिकामी करून पाठीखाली घेतली, पायाखाली उरलेले कपडे, आणि उजाडेपर्यंत नुसत्या कुशी बदलल्या.

तेव्हापासून मॅट घेताना काय बघायचं यावर माझं मत जरा पक्कं झालंय, ते सांगतो.

पहिलं म्हणजे मॅट मऊ झोपायला असते असं आपण धरून चालतो. मऊपणा हवाच, पण थंडीच्या दिवसांत तिचं खरं काम वेगळं आहे. स्लीपिंग बॅग गरम राहते ती तिच्या कापसा-पिसांत अडकलेल्या हवेमुळे, आणि आपण अंग टाकलं की पाठीखालची बॅग आपल्याच वजनाने दबते, हवा निघून जाते, म्हणजे खालून बॅग असून नसल्यासारखीच. त्यात आपला सह्याद्री म्हणजे काळा कातळ, संध्याकाळी बसलं तर छान कोमट लागतो आणि पहाटे तोच अंगातली ऊब ओढून घेतो. राजगडावर पद्मावतीच्या देवळात फरशीवर नुसती चादर टाकून झोपलेल्या कोणालाही विचारा. दोन ब्लँकेटं अंगावर घेऊन कुडकुडणाऱ्याला मी एकच सांगतो, बाबा त्यातलं एक खाली घाल.

खालची थंडी मॅट किती अडवते ते मोजायला आर व्हॅल्यू नावाचा आकडा असतो. जितका जास्त तितकी मॅट गरम. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नव्हता, २०२० च्या आसपास मोठ्या कंपन्यांनी एएसटीएम एफ ३३४० ही एकच टेस्ट धरली, तेव्हापासून तुलना जमते. पण ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त मॅटवर हा आकडाच नसतो, नुसतं 'उणे दहापर्यंत चालेल' असं लिहिलेलं असतं, ते मी तरी मनावर घेत नाही. ढोबळ हिशोब असा धरा: उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सह्याद्रीत एक-दीड आर व्हॅल्यू भरपूर झाली, डिसेंबर-जानेवारीत गडमाथ्यावर पारा दहाच्या खाली यायला लागला की दोन-अडीच असेल तर पाठ खूश, आणि उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या बर्फातल्या ट्रेकला चार-पाचच्या खाली जाऊ नका. अजून एक फायद्याची गोष्ट म्हणजे दोन मॅट एकावर एक टाकल्या की त्यांच्या आर व्हॅल्यूची सरळ बेरीज होते, दोनची खाली आणि अडीचची वर म्हणजे साडेचार. वर्षातून एकदाच हिमालयात जाणाऱ्याने त्यासाठी वेगळी महागडी मॅट घ्यायची गरज नाही, घरातल्याच दोन न्या. तसे तिकडचे ग्रुपवाले बहुतेक वेळा मॅट देतात, पण कसली देतात ते निघायच्या आधी विचारून घ्या.

आता प्रकार. मुख्य तीनच.

आपली साधी फोमची कॅरीमॅट. आपण सगळे 'कॅरी' करायची म्हणून कॅरीमॅट समजतो, पण मुळात कॅरीमॅट हे कॅरीमोर या ब्रिटिश कंपनीच्या फोम मॅटचं नाव, ते इतकं रुळलं की सगळ्याच मॅटना चिकटलं, आपल्या डालड्यासारखं. हिच्या फोममध्ये बंद बुडबुडे असतात त्यामुळे पाणी शोषत नाही, भर पावसात सॅकच्या बाहेर बांधली तरी पुसली की कोरडी. काटा घुसला तरी काही होत नाही, कोपरा उंदराने खाल्ला तरी चालते, बसायला चालते, चुलीला वारा घालायला चालते. वजन साधारण तीनशे ते साडेचारशे ग्रॅम, किंमत काही शे रुपयांपासून सुरू. दोष एकच, पण मोठा: कडक असते. दहा-बारा मिलिमीटरचा फोम दगडाचं टोचणं कमी करतो, गादी होत नाही.

दुकानात ही घेताना अंगठ्याने जोरात दाबा आणि पाच सेकंदांनी सोडा. खळगा लगेच भरून आला तर फोम बरा, ठसा तसाच राहिला तर ती मॅट चार-पाच ट्रेकमध्ये पापड होणार. आणि सहा मिलिमीटरची योगा मॅट नेऊ नका प्लीज. ती घसरू नये म्हणून बनवलेली असते, बरीच जड असते आणि थंडी फारशी अडवत नाही. चंदेरी कागद लावलेल्या मॅटवरही भाळू नका, तो कागद उष्णता परतवतो खरा पण त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तर, आपण त्याच्यावर अंग टाकून झोपल्यावर त्याचा उपयोग जवळपास शून्य, आणि वर्षभरात त्याचे पोपडे निघतात.

दुसरी आपोआप फुगणारी. हिच्यात आत स्पंज असतो, व्हॉल्व्ह उघडला की तो स्वतःच हवा ओढतो, शेवटचे दोन-चार फुंकर आपण मारायचे. झोपायला सगळ्यात सुखाची हीच, डुगडुगत नाही, भोक पडलं तरी आतला स्पंज थोडी लाज राखतो. पण जड असते, पाऊण किलो ते दीड किलो, गुंडाळली तरी उशीएवढी जाड. गाडीने भंडारदऱ्याला जाऊन धरणाकाठी तंबू ठोकणार असाल, आईबाबा बरोबर असतील, तर डोळे झाकून हीच घ्या. पाठीवर घेऊन हरिश्चंद्रगडाची खडी नळीची वाट चढायची असेल तर नको.

तिसरी नुसत्या हवेची, माझी होती ती. चारशे ते सातशे ग्रॅम, घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी, आणि जाडी सात-आठ सेंटिमीटर म्हणजे खाली खडा असला तरी कळत नाही. पण एक गंमत लोकांना माहीत नसते, जाड म्हणजे गरम असं नाही. आत नुसती हवा असेल तर ती आतल्या आत फिरत राहते आणि अंगाची ऊब खाली जमिनीला नेऊन देते, म्हणून महागड्या मॅटमध्ये आत चकचकीत पडदे किंवा कापसासारखं भरलेलं असतं. स्वस्तातली आठ सेंटिमीटरची हवेची मॅट थंडीत साध्या फोमपेक्षाही गार लागू शकते. काहींचा आवाजही होतो, कूस बदलली की वेफर्सचं पाकीट चुरगळल्यासारखा, तंबूत शेजारी झोपलेला माणूस शिव्या घालतो. वरच्या बाजूचा आकारही बघा, आडव्या नळ्यांवर कडेला गेलं की घरंगळल्यासारखं होतं, इडलीपात्रासारखे खळगे असलेली मला तरी बरी वाटते.

मग यातली कुठली घ्यायची, तर त्याचं उत्तर तुम्ही झोपता कसे त्यात आहे. पाठीवर झोपणाऱ्याचं वजन सगळीकडे सारखं पसरतं, त्याला फोम पुरतो. कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतं, त्याला निदान सहा सेंटिमीटर जाडी पाहिजे नाहीतर पहाटे हात बधीर. मी कुशीवरचा, मित्र पाठीवरचा, त्याला फोमवर झोप लागते याचं अर्धं कारण हे आणि अर्धं कारण तो कुठेही झोपतो, कसारा लोकलमध्ये उभ्याउभ्याही.

घेतलेली मॅट पहिल्यांदा घरीच वापरा. हॉलमध्ये लादीवर टाका, पंखा चालू ठेवा आणि अख्खी रात्र झोपा. दुकानात दोन मिनिटं आडवं होऊन काहीही कळत नाही, तिथे सगळ्याच छान वाटतात. कुशीवर झोपल्यावर कोणाला तरी सांगा की खुब्याखाली मॅटच्या खालून हात घालून बघ, हात चेपला गेला तर मॅट तुम्हाला पातळ आहे किंवा हवा कमी आहे. हवा गच्च भरून झोपणं हीसुद्धा चूकच, आधी पूर्ण भरायची, मग आडवं होऊन व्हॉल्व्ह किंचित सैल करायचा, अंग जरासं आत बसलं की बंद. आणि रात्री गार पडल्यावर मॅट थोडी मऊ लागली तर घाबरू नका, थंडीने हवा आकसते, ते पंक्चर नसतं. मला वाटलेलं तसं. माझं मात्र होतं.

मापाबद्दल थोडक्यात. बहुतेक मॅट १८३ सेंटिमीटर लांब आणि ५१ रुंद असतात, अंगाने भरलेला असाल तर ५१ मध्ये हात बाहेर लोंबतात, ६४ ची घ्या, शे-दीडशे ग्रॅम जास्त उचला. फक्त दोघांच्या तंबूत दोन रुंद मॅट बसतात का ते आधी मोजा, नाहीतर एकमेकांवर चढतात. उंची कमी असेल किंवा वजन वाचवायचं असेल तर खांद्यापासून गुडघ्यापर्यंत येणारी छोटी मॅट चालते, पायाखाली रिकामी सॅक.

सतरंजी आणि घोंगडीचं विचारणारेही असतात. घोंगडी वाईट नाहीच, धनगर काय वेडे म्हणून शेकडो वर्षं तिच्यावर झोपले? लोकर दबून चपटी झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते, दमट झाली तरी धरते. पण वजन दोन-तीन किलो, आणि ओली झाली की उचलवत नाही. गावात ओसरीवर मुक्काम असेल तर घोंगडीसारखं सुख नाही, यजमानांनी खाली पेंढा पसरून दिला तर मग मॅट सॅकमधून काढूच नका. सुती सतरंजी मात्र थंडीत नको, दव पिते. कोकणात किनाऱ्यावर झोपणार असाल तर आणखी सोपं, कोरड्या वाळूत खुब्याच्या जागी हाताने बशीएवढा खळगा करायचा, वर मॅट, झालं. उन्हाळ्यात हवेच्या मॅटचं कापड घामाने अंगाला चिकटतं, एखादी जुनी सुती चादर किंवा लुंगी वर टाकायची.

मॅटखाली काहीतरी घालाच, विशेषतः हवेची असेल तर. सगळ्यात भारी म्हणजे जुना फ्लेक्स. कुठल्यातरी दादांच्या वाढदिवसाचा उतरवलेला बॅनर मागून आणायचा, दोन मीटर कापायचा, फुकट, पाणी येत नाही, बारीकसारीक काटे-कुसळंही बऱ्यापैकी अडतात. आमच्याकडे एक आहे त्याच्यावर कोपऱ्यात अजून अर्धं हसू आणि हार दिसतो. फ्लेक्स टाकायच्या आधी जमिनीवरून सरळ तळहात फिरवायचा, डोळ्याला न दिसणारे खडे हाताला लागतात. उतार असेल तर डोकं वरच्या बाजूला.

आणि एक विनंती, कॅरीमॅट सॅकला उभी बांधा. आडवी बांधून लोकलमध्ये चढणारा ट्रेकर वळला की मागच्या दोघांचे चष्मे पडतात, आणि पुढे करवंदाच्या जाळीतून जाताना दोन्ही टोकं अडकून फाटतात ती वेगळीच.

घरी आल्यावर हवेची किंवा स्पंजवाली मॅट घडी करून माळ्यावर टाकू नका. तोंडाने फुगवली असेल तर आत श्वासाची वाफ साठलेली असते, व्हॉल्व्ह उघडा ठेवून दोन दिवस पंख्याखाली, मग स्पंजवाली पलंगाखाली पसरून ठेवायची, व्हॉल्व्ह उघडाच. फुगवलेली मॅट उन्हात किंवा बंद गाडीत अजिबात नको, आतले जोड सुटतात आणि मधोमध फुटबॉलएवढा फुगा येतो, त्याला इलाज नाही. तोंडाऐवजी पिशवीने हवा भरायची सवय लावा, बऱ्याच मॅटबरोबर पंपाची पिशवी येते, दमही वाचतो.

पंक्चर शोधायचं ते सायकलच्या ट्यूबसारखंच. मॅट गच्च फुगवायची, बादलीत साबणाचं पाणी करून कपड्याने इंच इंच पुसत जायचं आणि बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. सापडलं की पेनाने गोल करायचा, हवा काढायची, स्पिरिटने पुसून कोरडं करायचं आणि पॅच लावून वर रात्रभर जाड पुस्तकं ठेवायची. घाई केली की पॅच सुटतो.

माझी मॅट मी बाथरूममध्ये तासभर पुसत होतो. तारे बघायला म्हणून ती संध्याकाळी तंबूबाहेर काढून सरळ वाळक्या गवतावर टाकली होती, फ्लेक्स-बिक्स काही नाही, तेव्हाच झालं असणार. बुडबुडे आले ते बरोबर खुब्याच्या जागी, मोहरीच्या दाण्याएवढे, एकामागून एक. अंगठा फिरवला तर टोचलं. कुसळाचं टोक अजून आतच होतं.