ह्यूमस वाढत का नाही? सेंद्रिय पदार्थ देताना होणाऱ्या या चुका टाळा

दरवर्षी शेणखत दिले, पालापाचोळा गाडला, तरीही तीन वर्षांनी माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बाचा (म्हणजे सेंद्रिय पदार्थातल्या कार्बनचा) आकडा होता तिथेच राहिला, अशी तक्रार वारंवार कानावर येते. ही तक्रार खोटी नसते आणि बहुतेक वेळा दोष प्रयोगशाळेचाही नसतो. ह्यूमस, म्हणजे कुजून मातीत टिकून राहिलेला सेंद्रिय पदार्थ, ही पोत्यात भरून आणायची आणि जमिनीवर पसरायची एखादी वस्तू आहे, ही समजूतच मुळात चुकीची आहे. आपण जमिनीला देतो तो फक्त कच्चा माल असतो. त्याचा ह्यूमस करण्याचे काम मातीतले जिवाणू आणि बुरशी करतात, आणि त्यांना हवा, ओल व नत्र (नायट्रोजन) मिळाले नाही तर तो माल एकतर तसाच पडून राहतो किंवा वायुरूपाने उडून जातो.

जमिनीवर पडलेले पान आधी गांडुळे, माइट आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे कीटक कुरतडून बारीक करतात. मग साखर, पिष्ट आणि प्रथिने यांसारखे सहज पचणारे भाग जिवाणू काही आठवड्यांत संपवतात, त्यानंतर सेल्युलोजची पाळी येते आणि लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन सर्वांत शेवटी, मुख्यतः बुरशीकडून, तोडले जाते. या सगळ्या व्यवहारात अनुकूल हवामानात पहिल्या वर्षभरातच निम्म्याहून बराच अधिक कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत परत जातो. उरलेल्या कर्बातून सूक्ष्मजीवांची शरीरे घडतात, ती मरतात, आणि त्यांच्या पेशीभित्तिकांचे अवशेष चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना व लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटून बसतात किंवा मातीच्या रव्यांच्या (कण एकत्र चिकटून बनलेल्या बारीक गोळ्यांच्या) आत अडकून पडतात. तिथे ते इतर जिवाणूंच्या तावडीत सहजी सापडत नाहीत, म्हणून टिकतात.

पूर्वी हे चित्र वेगळे मानले जात असे. १७८६ साली फ्रान्झ आखार्ड यांनी पीटमधून (दलदलीत साठलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून) अल्कलीच्या साहाय्याने गडद रंगाचा पदार्थ वेगळा काढला, आणि पुढे दीर्घकाळ ह्यूमस म्हणजे लिग्निनसारख्या चिवट घटकांपासून बनलेले मोठे, गुंतागुंतीचे रेणू, असे शिकवले गेले. २०१५ साली योहानेस लेमन आणि मार्कुस क्लेबर यांनी ‘नेचर’मधील लेखात या कल्पनेला ठामपणे आव्हान दिले: मातीतला सेंद्रिय पदार्थ हा सतत लहान लहान होत जाणाऱ्या तुकड्यांचा प्रवाह असतो, आणि तो किती टिकेल हे त्याच्या चिवटपणापेक्षा तो मातीत कुठे अडकला आहे यावर अधिक अवलंबून असते. हा वाद केवळ पुस्तकी नाही. चिवट काडीकचरा टाकला की ह्यूमस जास्त होईल, हा अनेकांचा हिशेब याच जुन्या समजुतीवर उभा आहे.

पहिली चूक: कर्ब भरपूर, नत्र मात्र नाही

याचा अनुभव मी स्वतःच्या वाफ्यात घेतला आहे. सुतारकामातून निघालेला लाकडाचा भुसा फुकट मिळत होता, म्हणून मी तो कुदळीने वीतभर खोल मिसळला आणि लगेच रोपे लावली. दोन आठवड्यांत खालची पाने पिवळी पडू लागली आणि रोपांची वाढ खुंटली. रोग समजून मी आधी बुरशीनाशक फवारले, जे अर्थातच वाया गेले.

कारण साध्या हिशेबात होते. जिवाणूंच्या शरीरात साधारण ८ भाग कर्बामागे १ भाग नत्र असते, आणि हे ८ भाग शरीरात बसवताना त्यांना आणखी सुमारे १६ भाग कर्ब श्वसनात जाळावा लागतो. म्हणजे त्यांच्या आहारात कर्ब-नत्र गुणोत्तर २४:१ च्या आसपास असेल तर व्यवहार जुळतो. गव्हाच्या काडात ते सुमारे ८०:१ असते आणि लाकडाच्या भुशात २०० ते ५०० पर्यंत जाते. तुटवडा पडला की जिवाणू मातीतले नत्र उचलतात आणि पिकाला काही उरत नाही. पाण्यातून थोडा युरिया दिल्यावर तिसऱ्या आठवड्यात नवी पाने हिरवी आली. भुसा मातीत न मिसळता वर पसरला असता तर एवढे बिघडले नसते, कारण भुसा मातीला जिथे चिकटलेला असतो त्या पातळ थरापुरताच नत्राचा तुटवडा राहतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. ह्यूमसमध्ये कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण १० ते १२ असते, म्हणजे ह्यूमसरूपाने २,००० किलो कर्ब जमिनीत साठवायचा तर त्याच्याबरोबर सुमारे १६५ ते २०० किलो नत्रही त्यातच बांधले जाणार, शिवाय स्फुरद (फॉस्फरस) आणि गंधक वेगळे. नत्र अजिबात न देता फक्त काड गाडून ह्यूमस वाढवू पाहणे म्हणजे सिमेंटशिवाय नुसत्या वाळूचा गिलावा करण्यासारखे आहे.

उलट टोकाची चूकही होते. कोवळे, हिरवे गवत किंवा द्विदल पिकाचा पाला एवढाच दिला तर माती काही दिवस छान भुसभुशीत वाटते, पण तो पाला झपाट्याने संपतो. सुके आणि हिरवे मिसळून देणे हा यावरचा जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा तोडगा आहे.

कंपोस्ट म्हणजे ह्यूमस नव्हे

चांगले कुजलेले कंपोस्ट काळसर, मऊ आणि मातीचा वास येणारे असते, त्यामुळे गैरसमज होणे स्वाभाविक आहे. पण ढिगातले कंपोस्ट चिकणमातीच्या कणांशी अजून बांधलेले नसते; जमिनीत गेल्यावर त्याचाही मोठा भाग कुजतच राहतो. आकडे मांडून पाहिले की अपेक्षा जमिनीवर येतात. एक हेक्टर क्षेत्रात १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत साधारण २० लाख किलो माती असते. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे त्यात २,००० किलो कर्ब टिकून राहायला हवा. कोरड्या काडीकचऱ्यात ४२ टक्के कर्ब धरला आणि त्यातला १५ टक्के दीर्घकाळ टिकला असे मानले, तर त्यासाठी ३० टनांहून अधिक कोरडा माल लागतो. शिवाय जमिनीतला जुना ह्यूमसही दरवर्षी थोडा थोडा खर्च होत असतोच. एका हंगामात आकडा हलला नाही म्हणून निराश होण्यापूर्वी हा हिशेब करावा.

बाटलीतल्या ह्युमिक ॲसिडबद्दलही येथेच बोललेले बरे. लिग्नाइटसारख्या (तपकिरी कोळशासारख्या) खनिजांपासून अल्कलीने काढलेले हे द्रावण काही परिस्थितीत मुळांच्या वाढीला मदत करू शकते. त्यावर माझा आक्षेप नाही. पण १२ टक्के तीव्रतेच्या २ लिटर द्रावणात सक्रिय पदार्थ जेमतेम पाव किलो असतो, आणि समोर २० लाख किलो माती असते. त्याने जमिनीतला ह्यूमस वाढतो असे कोणी सांगितले तर त्याला हा भागाकार करायला सांगावा.

दुसरी चूक: पुन्हा पुन्हा नांगरट आणि उघडी जमीन

प्रत्येक नांगरटीत मातीचे रवे फुटतात, आत दडलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो, हवा खेळते आणि जिवाणूंची चंगळ होते. नांगरटीनंतर पिकाला आलेला तजेला हा पुष्कळदा या जुन्या ठेवीतून काढलेल्या नत्राचा असतो. वाफसा (मशागतीजोगी ओल) नसताना ओल्या जमिनीत अवजार घातले तर नुकसान दुप्पट होते: रवे चेंगरतात, ढेकळे बनतात आणि हवेचे मार्ग बंद होतात. अंतर्मशागत गरजेपुरतीच आणि उथळ करावी, आणि जमीन आच्छादनाखाली ठेवावी.

मात्र आच्छादनावरच सगळी भिस्त ठेवू नये. वरून टाकलेल्या पालापाचोळ्यापेक्षा मुळांमधून येणारा कर्ब मातीत अधिक प्रमाणात टिकतो, कारण मुळे जिवंतपणी पाझरवतात ते स्राव आणि मेल्यावर मागे राहणारे धागे थेट मातीच्या कणांच्या सान्निध्यात असतात. दोन पिकांच्या मधला काळ जमीन रिकामी ठेवण्याऐवजी त्यात एखादे आच्छादन पीक उभे असणे मला म्हणूनच गाडीभर खताइतके मोलाचे वाटते. पीक निघाल्यावर धसकटे उपटून बाहेर फेकू नयेत. जमिनीलगत कापून मुळे आतच कुजू द्यावीत.

काडीकचरा जाळण्याबद्दल फार लिहायला नको. राखेत पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम आणि स्फुरद राहते, कर्ब आणि नत्र मात्र बहुतांशी धुरात जाते.

लक्षणावरून कारण कसे ओळखावे

गाडलेला पाला हंगाम उलटल्यावर खणून पाहिला आणि तो ओळखू येईल असा शाबूत सापडला, तर आधी ओल तपासावी. कोरड्या मातीत जिवाणू जवळजवळ थांबतात. ओल पुरेशी असेल तर नत्राचा तुटवडा किंवा फार आम्ल सामू (पीएच) यांचा विचार करावा. पाला काळा, चिकट झाला असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर पाणी साचून हवा बंद झाली आहे. तिथे आणखी खत देऊन उपयोग नाही, आधी निचरा सुधारावा आणि यापुढे पाला खोल न गाडता वरच्या थरात ठेवावा.

रंगावरून निदान करण्याचा मोह टाळावा. गडद माती म्हणजे भरपूर ह्यूमस, हे एकाच प्रकारच्या दोन मातींची तुलना करताना ठीक आहे. पण फुगणाऱ्या चिकणमातीच्या कित्येक काळ्याभोर जमिनींमध्ये सेंद्रिय कर्ब १ टक्क्याहूनही कमी असतो. पाण्याच्या बाबतीतही अतिशयोक्ती चालते. उपलब्ध प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासानुसार सेंद्रिय कर्ब १ टक्क्याने वाढला तर १०० मिलिमीटर जाडीच्या थरात पिकाला मिळणारे पाणी सरासरी १ मिलिमीटरहून थोडेच अधिक वाढते. खरा फायदा असतो तो रवाळ रचनेमुळे पाऊस वाहून न जाता आत मुरण्यात, आणि पोषक द्रव्ये धरून ठेवण्याच्या क्षमतेत.

ही रचना घरच्या घरी पाहता येते. बांधावरच्या कधीच न नांगरलेल्या जागेतून आणि त्याच्याच शेजारच्या वाफ्यातून सुपारीएवढे एकेक ढेकूळ घ्यावे, दोन्ही सावलीत पूर्ण वाळवावीत आणि पाणी भरलेल्या काचेच्या दोन ग्लासांत जाळीच्या तुकड्यावर अलगद ठेवावीत. वाफ्यातले ढेकूळ बहुधा बुडबुडे सोडत मिनिटभरात विरघळून तळाशी गाळ होते. बांधावरच्या ढेकळातूनही बुडबुडे येतात, पण ते आपला आकार सोडत नाही आणि पाणी नितळ राहते. दोन्ही ढेकळे एकाच प्रकारच्या मातीची असावीत, नाहीतर तुलना फसते, आणि सोडियमचे प्रमाण जास्त असलेल्या क्षारपड जमिनीत पाणी गढूळ होण्याचे कारण निराळे असते.

शेवटची चूक अहवाल वाचताना होते. अहवालात सहसा सेंद्रिय कर्ब दिलेला असतो, सेंद्रिय पदार्थ नव्हे. प्रचलित पद्धतीनुसार कर्बाला १.७२४ ने गुणले की सेंद्रिय पदार्थाचा अंदाज मिळतो, त्यामुळे ०.६ आणि १.०३ हे दोन आकडे एकाच मातीचे असू शकतात. नमुना घेताना वरचा पाला बाजूला सारावा, खत दिल्यानंतर लगेच नमुना घेऊ नये, आणि दर वेळी तीच जागा, तीच खोली व वर्षातला तोच काळ ठेवावा. एका वर्षी १० सेंटिमीटर आणि पुढच्या वर्षी २० सेंटिमीटर खोलीचा नमुना घेतला, तर ह्यूमस वरच्या थरात अधिक असल्यामुळे काहीही न बदलता आकडा घसरलेला दिसेल.