कंपनीचं हेड, टर्बो इंजिन आणि बाहेरचा कॅम: आधी मोजा, मग मागवा

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालं की टर्बो पेट्रोल गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, २,००० ते ४,५०० आरपीएमच्या आसपास असते. हंगामात उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करतानाही तेच. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बाजारातून घ्यायचा तो या पट्ट्यासाठी. ७,०००ला दम देणारा कॅम कंपनीच्या हेडवर (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) चढवला, तर खालचा दम जातो आणि वरचाही पदरात पडत नाही. (डिझेलवाल्यांनी या भानगडीत पडूच नये, तिथे पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागाच नसते.)

व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या पाव पट उघडला की कडेनं मिळणारी वाट तोंडाइतकी होते. ३० मिमीच्या इनटेक व्हॉल्व्हला ती ७.५ मिमीलाच मिळते, पुढे हवा अडते ती पोर्टमध्ये, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेत. मूळ कॅम ९ मिमी लिफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप) देत असेल, तर १०.५चा घेऊन ताण वाढतो तो स्प्रिंगचा. ड्युरेशनही, म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो तेही, मूळपेक्षा ८ ते १२ अंशच वाढवा. आकडे ताडताना दोन्ही कॅमचं ड्युरेशन एकाच लिफ्टला मोजलेलं हवं, म्हणजे दोन्हीचं १ मिमीला किंवा दोन्हीचं ०.०५० इंचाला. नाहीतर तुलना फसवी.

खरा निकाल लागतो ओव्हरलॅपवर, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्यावर. कंपनीचा लहान टर्बो वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट तुंबवतो. बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब) १ बार असताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये १.८ बार असू शकतो. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असलेल्या त्या क्षणी जळका गॅस उलटा सिलिंडरमध्ये शिरतो, मिश्रण तापतं आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून ठोके) सुरू होतं. म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी टर्बोच्या अलीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून आटे (टॅप) मारा, मीटरभर तांब्याची नळी वेटोळं करून जोडा म्हणजे गॅस गार होईल, आणि टोकाला गेज लावा. दाब बूस्टच्या दीडपट किंवा जास्त भरला तर ओव्हरलॅप मूळ कॅमपेक्षा वाढवू नका. जवळपास बरोबरीत असेल तर थोडी सूट घेता येते.

हिशेब सोपा आहे: दोन्ही ड्युरेशनची सरासरी काढायची आणि त्यातून लोब सेपरेशनची (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्ट उंचवट्यांच्या, म्हणजे लोबच्या, मध्यांमधला कोन) दुप्पट वजा करायची. २५६ अंशांचा कॅम ११२वर बसवला तर ओव्हरलॅप ३२ अंश, ११६वर २४. दोन कॅमच्या इंजिनात ॲडजस्टेबल पुली असेल तर इनटेक थोडा मागे घेऊन तो आणखी कमी होतो. मात्र कॅमचा १ अंश म्हणजे क्रँकचे २. पीयूसी तपासणीत आयडलिंगचं मोजमाप होतं, तेव्हा ओव्हरलॅपचा हावरटपणा तिथेही एचसीच्या (न जळलेल्या पेट्रोलच्या) आकड्यात दिसतो.

स्प्रिंग बहुतेक जण विसरतात. १.२ बार बूस्ट ३० मिमीच्या इनटेक व्हॉल्व्हला मागून सुमारे साडेआठ किलोनं ढकलतो; बसल्या जागी स्प्रिंगचा जोर तेवढा वाढवा. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायला किमान १ मिमी उरला पाहिजे, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि व्हॉल्व्हच्या सीलमध्ये १.५ मिमी.

आता पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा मोजायची मातीची परीक्षा. पिस्टनवर व्हॉल्व्हच्या खाचेत मुलांची खेळायची माती थापा, व्हॉल्व्हला तेल लावा, जुन्याच गॅस्केटवर हेड आवळा आणि क्रँक पान्यानं हळूहळू पूर्ण दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका. हेड काढून माती ब्लेडनं कापा आणि सर्वांत पातळ जागी व्हर्नियर लावा: इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी हवेतच. हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधला तेलावर चालणारा तुकडा) दबतो आणि जागा खोटी जास्त दाखवतो, म्हणून मोजणीपुरता सॉलिड टॅपेट घाला. व्हीव्हीटी (चालत्या इंजिनात कॅम मागे-पुढे करणारी यंत्रणा) असेल तर इनटेक पूर्ण पुढे करून पुन्हा मोजा. धडक होते ती तिथेच.

जुनाच कॅम ग्राइंड करून घेणं स्वस्त पडतं, पण बेस सर्कल (लोबचा उंचवटा नसलेला गोल भाग) बारीक होतं, जागा भरायच्या चकत्या (शिम) जाड लागतात, आणि कडक थर निघून गेला तर लोबला खड्डे पडतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या बऱ्याच इंजिनांत हाय-प्रेशर पंपही कॅमच्याच लोबवर चालतो. नव्या कॅमवर तो लोब आणि सेन्सरची चकती आहे का, ऑर्डरआधी पाहा.

बसवताना खुणांवर विसंबू नका. पिस्टन स्टॉपनं टीडीसी (पिस्टनची सर्वांत वरची जागा) पक्कं करा, डिग्री चकती आणि डायल गेजनं इनटेकची सेंटरलाइन (लोबचा मध्य) कॅमसोबतच्या कार्डाशी ताडा. २० दात्यांच्या क्रँक पुलीवर बेल्ट एक दाता चुकला तर १८ अंश गेले!

घासून चालणारे टॅपेट असतील तर लोबना असेंब्ली पेस्ट लावा, आणि पहिल्यांदा सुरू झाल्यावर इंजिन २० मिनिटं २,०००च्या वर ठेवा, आयडलिंगवर सोडू नका. त्याआधी ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) मूळ मॅप, म्हणजे पेट्रोल सोडायचा तक्ता, बदललेला हवा: मॅप सेन्सरवर (हा वेगळा, इनटेकमधला दाब मोजणारा) चालणाऱ्या ईसीयूला हवा वाढली-घटली ते कळत नाही, तो जुन्याच अंदाजानं पेट्रोल सोडतो, आणि बूस्टवर मिश्रण पातळ झालं की पिस्टन जातो.