युद्धातल्या विमानांच्या अफवा : या चुका टाळा

सीमेवर काही झालं की तासाभरात माझा फोन वाजायला लागतो. "काका, त्यांची किती पाडली? आपली किती गेली?" लष्करी विमानांचा इतिहास वाचायचा मला नाद आहे हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे मी म्हणजे फुकटची चौकशी खिडकी. "आज सांगता येणार नाही" म्हटलं की समोरचा हिरमुसतो आणि थोड्या वेळाने दुसऱ्याच कुणाचा तरी आकडा मलाच पाठवतो. प्रत्येक वेळी चुका मात्र त्याच. एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवून देता येईल.

दावा म्हणजेच नुकसान असं समजणं

ही चूक सगळ्यात जुनी आणि माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी. १५ सप्टेंबर १९४० ला लंडनवर दिवसभर हल्ले झाले. १८५ जर्मन विमानं पाडल्याचं ब्रिटनने जाहीर केलं. युद्धानंतर जर्मनांचे कागद हाती आले तेव्हा आकडा साठच्या आसपास निघाला. मग वैमानिक खोटं बोलले का? मुळीच नाही. एकाच बॉम्बफेकी विमानावर तिघेचौघे आळीपाळीने गोळ्या झाडतात, ते पेटतं आणि खाली उतरल्यावर प्रत्येक जण आपलं एक मोजतो. पाठलाग लागलाय असं दिसलं की मेसरश्मिट हे जर्मन लढाऊ विमान नाक खाली करून पूर्ण जोराने सूर मारायचं, इंजिनातून काळा धूर निघायचा, विमान ढगात शिरायचं. वरच्याला वाटायचं, गेलं! थांबून खात्री करणार कशी? तोवर त्याच्याच शेपटीला कुणीतरी लागलेलं असायचं.

मध्यंतरी एक तरुण इंजिनिअर १९६५ च्या युद्धाचा तक्ता घेऊन माझ्याकडे आला. भारताने पाडलेली इतकी, पाकिस्तानने पाडलेली इतकी, दोन्ही बाजूंचे आकडे घेऊन सरासरी काढलेली. "म्हणजे निःपक्षपाती झालं ना काका?" खालच्या ओळी रंगीत होत्या, आलेखही होता. पुस्तक मात्र एकही उघडलेलं नव्हतं. म्हटलं, बाबा, सगळं युद्ध राहू दे. एक दिवस घे, एक जागा घे. ७ सप्टेंबर १९६५, पाकिस्तानचा सरगोधा हवाई तळ.

त्या सकाळी त्यांचे स्क्वाड्रन लीडर एम. एम. आलम यांनी मिनिटाभरात आपली पाच हंटर लढाऊ विमानं पाडली, असं पाकिस्तानात आजही अभिमानाने सांगतात. आपल्याकडच्या नोंदी स्क्वाड्रनवार, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीनुसार, विमानाच्या क्रमांकानिशी आणि वैमानिकाच्या नावानिशी लावल्या तर त्या चकमकीतली हंटर पाच भरत नाहीत. हे ऐकून आमचा इंजिनिअर खूश झाला, लगेच लाल रंगाने खोडायला निघाला. त्याला थांबवलं, कारण त्याच सकाळची आणि त्याच आकाशातली दुसरी गोष्ट बाकी होती. आपल्या १ नंबर स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं सरगोध्यावर गेली होती. त्यातले स्क्वाड्रन लीडर देवय्या परतले नाहीत. त्यांचं काय झालं हे सोबत्यांपैकी कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या नावावर कसलाच दावा लागला नाही. पुढे पाकिस्तानी बाजूच्या हकिगतीतून कळलं, की मार खाल्लेलं एक मिस्टेअर पळून न जाता उलटून पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटर या लढाऊ विमानाशी भिडलं होतं. त्या स्टारफायटरचे वैमानिक अमजद हुसेन पॅराशूटने उतरून वाचले. देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं ते १९८८ मध्ये. म्हणजे एका बाजूला दावा जास्त आणि विमानं कमी, तर दुसरीकडे विमान पडलेलं आणि दावाच नाही. इथे सरासरी काढली तर अर्धं स्टारफायटर पडतं.

माझी सवय साधी आहे. वहीत तारीख, जागा आणि दावा करणारा पेन्सिलीने लिहितो. ज्याचं विमान गेलं त्याच्याच कागदात विमानाचा क्रमांक किंवा वैमानिकाचं नाव सापडलं, तरच शाई. आणि हा नियम आपल्यालाही लागू. २२ नोव्हेंबर १९७१ ला, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेलगतच्या बोयऱ्यावर आपल्या नॅट लढाऊ विमानांनी पाकिस्तानची तीन सेबर विमानं पाडल्याचं आपण सांगतो. दोन वैमानिक जिवंत हाती लागले, त्यातले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या दोन सेबरना शाई. तिसरं सेबर मार खाऊनही ढाक्याला पोचलं, असं पाकिस्तानी बाजू सांगते, म्हणून ते पेन्सिलीत. हे चारचौघांत बोललं की लोक माझ्याकडे मी घर फोडल्यासारखं बघतात. बघू देत.

व्हिडिओ आधी पुढे पाठवणं, मग बघणं

२०१९ मध्ये बालाकोटचा हल्ला म्हणून घरोघर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक 'आर्मा २' या संगणकीय खेळातली होती. लक्ष्यावरची चौकट, आवाज नसलेलं काळंपांढरं चित्र, खाली धावणारी टिंबटिंब माणसं. शेजारचा नववीतला मुलगा बघताक्षणी हसला, कारण तो तो खेळ खेळलेला. बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'कीव्हचं भूत' म्हणून जे लढाऊ विमान दाखवलं गेलं तेही विमानं उडवायच्या खेळातलं. एकट्याने रशियाची विमानं पाडत सुटलेला तो वैमानिक म्हणजे लोकांनी रचलेली वीरकथा आहे, असं युक्रेनच्या हवाई दलानेच ३० एप्रिल २०२२ ला स्पष्ट केलं.

फोटोंचं तर विचारूच नका. मे २०२५ मध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ पाडलेलं आपलं राफेल म्हणून जो फोटो फिरला, ते २०२१ मध्ये आपल्या पंजाबात मोग्याजवळ अपघातात पडलेलं मिग-२१ होतं. मी आधी अवशेषांतली इंजिनं मोजतो. राफेलला दोन, मिग-२१ ला एक. फोटोत इंजिनच दिसत नसेल तर शेपटी बघतो, मग तिथलं शेत, पीक, आजूबाजूच्या लोकांचे कपडे. मे महिन्याच्या उन्हात स्वेटर घातलेली माणसं दिसली की पुढे बघायची गरजच उरत नाही. याला पाच मिनिटं लागतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला असतो, त्याला ही पाच मिनिटंही जड वाटतात.

खंडन वाचून हुरळून जाणं

ही जरा शिकलेल्यांची चूक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक जॉन कनिंगहॅम रात्रीच्या अंधारात जर्मन विमानं पाडायचे, आणि गाजरं खाऊन त्यांची नजर तेज झाली असा तेव्हा गाजावाजा झाला. हे खोटं, खरी करामत विमानातल्या रडारची, इथपर्यंत बरोबर. पण पुढचं वाक्यही सगळे ठोकून देतात : "रडार लपवायला ब्रिटननं थाप मारली आणि जर्मन फसले." जर्मन फसल्याचा पुरावा? त्यांच्याकडे स्वतःचं रडार होतं, रडार काय असतं हे त्यांना चांगलं कळत होतं. आणि ब्रिटनमध्ये तेव्हा गाजरं मुबलक होती, लोकांनी ती खावीत ही अन्न खात्याची स्वतंत्र गरज होती. अफवा खोडणारी गोष्टही चवदार असेल तर तिच्याकडेही संशयाने बघा.

आता झटपट.

अधिकृत खुलासा आला की विषय संपला असं धरू नका. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामला आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडून हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक गेला. आधी तो अपघात म्हणूनच पुढे आला. आपल्याच क्षेपणास्त्राने ते पडलं, ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये जाहीर सांगितलं.

पकडलेल्या वैमानिकांची संख्या पहिल्या दिवशी मोजू नका. त्याच २७ तारखेला पाकिस्तानने आधी दोन वैमानिक ताब्यात असल्याचं सांगितलं आणि संध्याकाळी एकच म्हटलं. त्या दुसऱ्या वैमानिकावर लोकांनी अजून इमले बांधून ठेवलेत.

अमुक महिला वैमानिक शत्रूच्या ताब्यात, असं आलं तर थांबा. मे २०२५ मध्ये स्क्वाड्रन लीडर शिवांगी सिंह यांच्याबद्दल हेच पसरवलं. ऑक्टोबरमध्ये त्या अंबाल्याला राष्ट्रपतींच्या शेजारी उभ्या होत्या.

आणि 'धावपट्टी उद्ध्वस्त'. हे वाचलं की लोक शत्रूचं हवाई दल संपल्यासारखं बोलतात. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. टर्मिनल आणि तिथे उभी असलेली पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं मात्र वाचली. काही तासांत डागडुजी करून, जेवढी धावपट्टी धड होती तेवढ्यावरून ती दोन्ही विमानं त्याच रात्री अधिकाऱ्यांची बायकामुलं घेऊन उडाली आणि कराचीला पोचली. तेव्हा खड्डे किती पडले हे विचारण्याआधी, सलग पट्टी किती उरली आणि तेवढ्यावरून कुठलं विमान उठतं ते विचारा.