जुना फोन, सिम काढलेला: सीईटीच्या अभ्यासाला कसा लावायचा

सीईटी म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंग-फार्मसीला जायची राज्याची प्रवेश परीक्षा. आधीच सांगून टाकतो, फोनवर नवीन धडा शिकायला बसू नका. धडा पुस्तकातून, क्लासमधून, वहीत पेनाने. फोनचं काम फक्त आठवायला लावणं, आणि ते काम तो खरंच भारी करतो, पण त्यासाठी आधी त्याच्यातला फोन मारावा लागतो.

नवीन टॅब घ्यायच्या आधी घरातलं कपाट उघडून बघा, काकाचा किंवा दादाचा जुना अँड्रॉइड पडलेला असतोच. काच तडकलेली असली तरी चालतं, मागचं कव्हर वर उचलल्यासारखं दिसत असेल तर मात्र बॅटरी फुगलीये, तो फोन चार्जिंगला लावूच नका, आधी बॅटरी बदला. घरात नसेलच तर नाशकात एमजी रोडला प्रधान पार्कमधे किंवा कुठेही सेकंडहँड घ्या, पण बिल मागा, आणि पैसे द्यायच्या आधी डायलरवर स्टार हॅश ०६ हॅश दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर काढा, मग आपल्या फोनवरून केवायएम लिहून, स्पेस देऊन, तो १५ आकडी नंबर १४४२२ ला मेसेज करा. फोन ब्लॅकलिस्टमधे, म्हणजे चोरीचा वगैरे असेल तर लगेच कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, तरी कोणी करत नाही. अजून एक, जुन्या मालकाचं गुगल अकाउंट त्याच्यासमोरच काढून मग रिसेट करायचं, नाहीतर रिसेटनंतर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो आणि तुम्ही परत दुकानाच्या चकरा मारता.

ई-रीडरचं पण विचारतात बरेच जण, तो काळा-पांढरा कागदासारखा स्क्रीनवाला. गोष्टीची पुस्तकं वाचायला छान, पण बालभारतीची पीडीएफ सहा इंचांवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी, आणि गणिताची सूत्रं मोठी करायला गेलं की अर्धं पान बाहेर. साध्या फोनवर निदान आडवा धरून झूम तरी पटकन होतं. आठ-दहा इंची टॅब आधीच घरी असेल तर उत्तमच, नसेल तर त्यासाठी आईबाबांच्या मागे लागू नका.

आता साफसफाई. फोन रिसेट केला, सिम घालायचंच नाही. एकदाच घरच्या वायफायवर किंवा हॉटस्पॉटवर जे लागतं ते उतरवून घ्या आणि मग सेटिंगमधे जाऊन ते वायफाय फर्गेट करून टाका, पासवर्ड परत टाकायचा कंटाळाच निम्मं काम करतो. उतरवायचं काय तर अकरावी-बारावीची पुस्तकं, ती बालभारतीच्या साइटवर पीडीएफमधे फुकट मिळतात, आणि जेईई (देशपातळीची इंजिनिअरिंगची) किंवा नीट (मेडिकलची) पण देणार असाल तर एनसीईआरटीची, ती पण फुकटच. विषयाप्रमाणे फोल्डर करा, फाइलला नाव धड द्या, डाउनलोड एक डाउनलोड दोन असलं ठेवलं तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात स्वतःलाच शिव्या घालाल. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफ मात्र नको. एकतर दुसऱ्याच्या नोट्स चोरून टाकलेल्या असतात, उत्तरं चुकलेली असतात, आणि त्याच ग्रुपवर पेपर फुटला म्हणून पैसे मागणारे पण असतात.

यूट्यूबबद्दल भांडण होतं दरवेळी. लेक्चर बघायला लागतात हे मान्य, पण ती या फोनवर नाही, हॉलमधे बसून घरच्या मोठ्या फोनवर नाहीतर टीव्हीवर. तिथेही वॉच हिस्ट्री बंद करा आणि जुनी पुसून टाका, मग होम पेज कोरं येतं, जे शोधाल तेवढंच दिसतं. शॉर्ट्सचं बटण राहतंच म्हणा. आणि लेक्चर बघून झालं म्हणजे अभ्यास झाला असं नसतं, वही बंद करून तेच सूत्र मांडता आलं तर झाला.

आता खरं काम, कार्डं. अँकीड्रॉइड नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर फुकट, इंटरनेटशिवाय चालतं, जाहिराती नाहीत. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, तुम्ही मनात उत्तर द्यायचं मग कार्ड उलटायचं आणि आलं की नाही ते बटण दाबून खरं खरं सांगायचं. आलं तर ते कार्ड काही दिवसांनी परत येतं, मग अजून लांबच्या तारखेला, नाही आलं तर लगेच. माणूस पाठ केलेलं कसं विसरतो यावर हर्मन एबिंगहाउसने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय, अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते हे तेव्हापासून माहितीये, ॲप फक्त तारखांचा हिशोब ठेवतं.

कार्डं आयती उतरवून घेऊ नका. स्वतः केलेलीच चालतात कारण करतानाच अर्धं डोक्यात जातं. टाइप करत बसायचं नाही, इंटिग्रेशनची सूत्रं टाइप करायला जन्म जाईल, सरळ वहीत सुवाच्य लिहा, फोटो काढा, कार्डाला चिकटवा. बायोलॉजीवाल्यांसाठी आकृतीतले भाग झाकून विचारायची सोय आहे, हृदयाची किंवा नेफ्रॉनची आकृती घेतली की एका फोटोतून दहा कार्डं होतात. केमिस्ट्रीत नावाच्या रिॲक्शन, एक्सेप्शन, रंग, हे सगळं कार्डात सोन्यासारखं बसतं. फिजिक्समधे सूत्र विचारू नका, सूत्र कधी वापरायचं ते विचारा. गणितात पूर्ण गणित कार्डावर घालायचं नाही, फक्त पहिली स्टेप काय घेशील एवढंच. दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं त्यांनी, पेठ-सुरगाण्याकडून शिकायला आलेली बरीच पोरं असतात अशी, संज्ञांचा वेगळा डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा करावा. सीईटीत फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी मराठीत पण घेता येतं पण गणित इंग्रजीतच असतं, तेव्हा गणिताचे इंग्रजी शब्द तरी त्यात हवेतच.

एका गोष्टीत सगळे आपटतात. पहिल्या आठवड्यात उत्साहात शंभर शंभर कार्डं घालायची, मग दोन आठवड्यांनी ॲप उघडलं की उजळणीला चारशे वाट बघतायत, मग ॲप उघडायचंच नाही. रोज २० नवीन घातली तरी पुढे रोजची उजळणी २०० च्या आसपास जाते, म्हणून बारावीचं कॉलेज, प्रॅक्टिकल, क्लास सगळं सांभाळून रोज १० बास. सुट्टी घेतलीत तरी नवीन बंद करा, जुनी उजळणी बंद नको.

वेळ कुठून काढायचा? सातपूर-सिडकोहून कॉलेज रोडला क्लासला येणाऱ्यांचा सिटीलिंकच्या बसमधे जाऊन-येऊन बराच वेळ जातो, ओझर-सिन्नरवाल्यांचा तर विचारूच नका. तो वेळ कार्डांचा. बसायला जागा मिळाली नाही तरी एका हाताने होतं. क्लास सुरू व्हायच्या आधी, डॉक्टरकडे नंबर लावून बसलेलं असताना, मिसळ यायची वाट बघताना. अभ्यासिकेत मात्र फोन बॅगेत ठेवा, तिथे टेबल मिळालंय तर त्या टेबलावर गणितं सोडवायची, कार्डं नाही.

आता टेस्ट. इथे फोन फसवतो. एमएचटी-सीईटी पीसीएमला (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सवाल्यांना) फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, आणि नंतर गणिताचे ५० प्रश्न परत ९० मिनिटांत, दोन दोन मार्कांचे. फिजिक्स-केमिस्ट्रीची वेळ संपली की तिकडे परत जाता येत नाही. हे सगळं कॉम्प्युटरवर, माऊसने, रफ काम कागदावर, कॅल्क्युलेटर नाही. फोनवर बोटाने भराभर टिक करून जो स्पीड येतो तो तिथे येत नाही, मान वर स्क्रीनकडे खाली कागदाकडे करण्यातच सेकंद जातात. म्हणून फोनवर फक्त छोट्या टेस्ट, एका धड्याचे वीस प्रश्न, स्टॉपवॉच १८ मिनिटांचा लावून. पूर्ण पेपर द्यायचा तर कॉलेजच्या लॅबमधे नाहीतर सायबर कॅफेत जाऊन द्या. जमतच नसेल तर जुगाड आहे, साधी ओटीजी केबल (फोनला माऊस-पेनड्राइव्ह जोडायची) घेऊन घरच्या फोनला यूएसबी माऊस लावा, ब्राउझरमधे डेस्कटॉप साइट करा, फोन पुस्तकाला टेकवून उभा ठेवा. बाण येतो स्क्रीनवर, चालतं. आणि कॅल्क्युलेटर ॲप आजच डिसेबल करा, गुणाकार हाताने करायची सवय मोडली तर परीक्षेत रडाल.

नीटवाल्यांचं उलटं, तो पेपर अजून पेन आणि ओएमआरवर, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर होत आलाय, १८० प्रश्न. त्यांनी फोनवर पूर्ण मॉक, म्हणजे सराव पेपर देण्यात काही अर्थच नाही, ओएमआर शीटच्या झेरॉक्स काढून आणा आणि काळ्या बॉलपेनने गोल भरत बसा, गोल भरायला किती वेळ जातो ते तेव्हाच कळतं.

टेस्ट झाली की चुकलेल्या प्रश्नाचा फोटो काढून कार्ड करा, मागे उत्तर लिहू नका, का चुकलं ते लिहा. येतच नव्हतं, येत होतं पण गडबड, की वेळ गेला. महिन्याभराने हा डेक चाळलात की स्वतःची खोड दिसते, बहुतेकांची गडबडच जास्त असते. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही, जेईई मेनला मात्र बरोबरला ४ आणि चुकीला वजा १, त्यामुळे दोन्ही देणाऱ्यांनी टेस्टचे फोल्डर वेगळे ठेवा नाहीतर तुक्के मारायची सवय तिकडे महागात पडते.

एआयला फोटो पाठवून उत्तर विचारणं पण चालू झालंय सगळीकडे. माझं मत असं की आधी दहा मिनिटं स्वतः झटायचं, मग विचारायचं, आणि आलेलं उत्तर पुस्तकाशी ताडून बघायचं, कारण पद्धत बरोबर आणि शेवटचा आकडा चूक असं तो अगदी आत्मविश्वासाने देतो. विचारायचं ते पण घरच्या फोनवरून.

डोळ्यांसाठी ब्राइटनेस कमी, मधेमधे लांब बघा, अंधारात गादीवर पडून नाही. झोपताना फोन हॉलमधे चार्जिंगला.

शेवटचं काम रविवारचं. अँकीड्रॉइडमधे एक्सपोर्ट आहे, सगळी कार्डं फाइलमधे काढून केबलने घरच्या फोनवर कॉपी करून ठेवा, जुना फोन कधी मान टाकेल सांगता येत नाही. परीक्षेच्या दिवशी सेंटरमधे फोन आत नेता येत नाही, हा पण नाही, त्यामुळे चुकांचा डेक आदल्या दिवशी दुपारीच संपवा आणि हॉल तिकीट प्रिंट काढून फाइलमधे ठेवा, सकाळी झेरॉक्सची दुकानं उघडी नसतात.