प्रवासासाठी हलकी व्हीलचेअर घेताय? आधी डिकीत टाकून बघा

आमच्या सासूबाईंना पॅरालिसिस झाला तेव्हा घाईघाईत जी मिळाली ती लोखंडी व्हीलचेअर आणली, १८ किलोची. घरात काही वाटलं नाही, पण सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलो आणि गाडीतनं चारदा काढ-घाल केल्यावर आमच्या ह्यांची कंबर जी धरली ती आठवडाभर. खुर्चीचं वजन बसणाऱ्याला कुठं लागतंय, उचलणाऱ्याला लागतंय. म्हणून दुकानात जाताना जो उचलणार आहे त्यालाच घेऊन जावा आणि त्याच्याकडनं खुर्ची डिकीत घालून, काढून बघा, दुकानदार वैतागला तरी चालेल.

साधी स्टीलची १७ ते २० किलो भरते, ॲल्युमिनियमची साधारण १० ते १३. ८-९ किलोची पण असते, दुकानदार आधी तीच दाखवणार, पण तिची चारी चाकं छोटी असतात, म्हणजे बसलेल्या माणसाला स्वतः हातानं ढकलता येत नाही, मागं कुणीतरी पाहिजेच. हॉस्पिटलच्या फरशीवर मस्त पळते, पण आपल्या बेळगावच्या गणपत गल्लीत ड्रेनेजचं झाकण, फरशीची फट, पावसाळ्यातला खड्डा, त्यात पुढचं चाक अडकलं की माणूस तोंडावर जातंय. नुसतं विमानतळ नि हॉस्पिटल करायचं असेल तरच ती घ्या. आम्ही शेवटी मागं २४ इंची चाकाची ॲल्युमिनियमची घेतली, साडेबारा किलो. आणि हो, सांगितलेलं वजन फूटरेस्ट काढून मोजलेलं असू शकतं, तेवढं विचारा की.

टेप घेऊनच जावा. माणसाला बसवून कमरेची रुंदी मोजा आणि दोनेक इंच जास्तीची सीट घ्या, ‘ऐसपैस असूदे’ म्हणून मोठी घेऊ नका, कारण १८ इंची सीटची खुर्ची बाहेरनं २५-२६ इंच होते आणि लॉजच्या बाथरूमचं दार २४ इंचाचं निघतं. कोल्हापूरला आमचं तेच झालं, फोनवर पोरगा म्हणाला ‘येतंय की ओ’, प्रत्यक्षात खुर्ची दारातच अडली आणि सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आत सरकवावं लागलं. आता मी लॉजवाल्याला दार मोजून इंचात सांगायला लावते.

सीएनजी गाडी असेल तर अजून एक घोळ, डिकीत सिलिंडर असतोय. घडी केलेली खुर्ची साधारण १२ इंच जाड होते, ती पुढच्या-मागच्या सीटच्या मधे उभी बसते का बघा, नाहीतर वर कॅरियर लागतो. फूटरेस्ट निघणारा आणि खुर्चीचा हात वर होणारा किंवा निघणारा असला तर गाडीच्या सीटवर सरकवायला खूपच सोपं जातं, ह्याला पैसे जास्त गेले तरी जाऊदेत.

घडी घालताना सीटचं कापड मधोमध धरून वर ओढा. उघडताना सीटच्या दोन्ही कडेच्या दांड्यांवर तळवा ठेवून खाली दाबा, बोटं आतल्या बाजूला, दांडीला गुंडाळायची नाहीत. माझी दोन बोटं त्यात सापडून काळी-निळी झाली होती. माणसाला उठवण्या-बसवण्याआधी दोन्ही ब्रेक लावायचे, आणि उचलताना फूटरेस्टला धरायचं नाही, तो हातात येतोय. उतारावरनं खाली जाताना खुर्ची उलटी, पाठ उताराकडं करून, हळूहळू न्यायची. लाकडी फळीचा रॅम्प करणार असाल तर एक इंच उंचीला एक फूट लांबी धरा, दोन पायऱ्यांना फळी बरीच लांब लागते.

एसटीत चढताना माणसाला धरूनच चढवावं लागतं, खुर्ची घडी करून डिकीत. रेल्वेत बहुतेक मेल-एक्सप्रेसला दिव्यांगांचा डबा टोकाला असतो, तेव्हा आधीच प्लॅटफॉर्मवर तिकडं जाऊन थांबा, गाडी आल्यावर पळापळ होते. सोबत्याशिवाय प्रवास जमत नसेल तर स्लीपरला दोघांनाही ७५ टक्के सवलत आहे, रेल्वेचं सवलतीचं कार्ड आधी काढून ठेवा. सांबऱ्याच्या विमानतळावरनं विमानानं जाणार असाल तर किमान ४८ तास आधी कळवा, स्वतःची खुर्ची नेता येते, तिचे पैसे पडत नाहीत. बॅटरीची असेल तर लिथियम बॅटरी काढून जवळ ठेवावी लागते, त्याला वॅट-अवरची (Wh) मर्यादा आहे, तो आकडा बॅटरीवर लिहिलेला असतो.

पिशवीत एक ॲलन-की (बोल्ट आवळायची षट्कोनी किल्ली), जुना टॉवेल आणि हवेचे टायर असतील तर पंप ठेवा. आणि गाडी सुटायच्या आधी फूटरेस्ट मोजा, दोन असतात. आमचा एक निपाणीच्या ढाब्यावर राहिला होता, संकेश्वर आल्यावर कळलं.