वाइन आंबट झाली? पावडरचा डबा उघडण्याआधी माप घ्या

अवकाळीचा अंदाज आला की निफाड-दिंडोरीत आठ दिवस आधीच द्राक्षांवर कात्री चालते. गारपिटीपुढे कुणाचं काही चालत नाही, हे मान्य. पण असा अर्धकच्चा माल ड्रममध्ये गेला की दात आंबवणारी वाइन होते, आणि मग आम्लता न मोजताच त्यात आंबटपणा मारणारी पावडर पडते. नुकसान तिथेच होतं. दरवर्षी हेच बघतोय.

एका बागेत दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मुठीच्या अंदाजाने खाण्याचा सोडा टाकला होता. फेस काठावरून जमिनीवर आला. लाल वाइन निळसर, मळकट पडली, चव खारट. आंबट होती तेव्हा दुसऱ्या वाइनमध्ये मिसळून वाचली असती. ही ओतून द्यावी लागली.

माप असं घ्या. १० मिली नमुना कोमट करून गॅस घालवा. गार झाल्यावर डिस्टिल्ड पाणी आणि दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन (आम्ल संपलं की रंग बदलणारं द्रावण) घालून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा. रंग पालटून टिकला की थांबा. लागले तितके मिली गुणिले ०.७५, म्हणजे लिटरमागे आम्लाचे ग्रॅम. ६-७ आले तर हात लावू नका.

९-१० आले तर पोटॅशियम बायकार्बोनेट, फूड ग्रेडच. भुरी रोगावर फवारायचं नको. लिटरला १ ग्रॅम घातलं की आम्लता साधारण १ ग्रॅमने उतरते. २ ग्रॅमच्या वर जाऊ नका. पीएच ३.६ ओलांडला की वाइन टिकत नाही. आधी एकाच बाटलीत करा, दोन आठवडे फ्रीजमध्ये ठेवा, तळाशी आम्लाचे खडे बसले की वरची निवळ चाखा. पटली तरच ड्रमला हात घाला. दुकानदार महागडं ‘पॅक’ गळ्यात मारायला बघतो. त्यावर घटक आणि मात्रा छापलेली नसेल तर परत करा.

जांभूळ आणि सुरगाण्याच्या स्ट्रॉबेरीचं गणित वेगळं. त्यांचं आम्ल मुख्यतः मॅलिक, सायट्रिक. ते द्राक्षाच्या टार्टरिक आम्लासारखं थंडीत खाली बसत नाही आणि बायकार्बोनेटने पीएच भराभर चढतो. तिथे आंबवण्याआधीच पाणी-साखरेने रस सौम्य करा.

तोडणीच्या दिवशी:
- तोडणी पहाटे
- क्रेट धुतलेले
- सडके, फुटलेले मणी बाजूला
- ब्रिक्सची (रसातल्या साखरेची) नोंद
- राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना. त्याशिवाय वाइन करणं गुन्हा आहे

माझा आडाखा सांगतो. घडाच्या शेंड्याचा मणी चावा. बी तपकिरी असेल आणि कटकन फुटलं तर तोडा. हिरवट, चिवट असेल तर आणखी थांबा, मीटरवर साखर कितीही दिसो.

आणि ढग दाटले म्हणून तोडावंच लागलं, तर तो माल वेगळ्या ड्रममध्ये घ्या. ड्रमवर खडूने तारीख टाका. मोजल्याशिवाय तो चांगल्या मालात मिसळू नका.