वैयक्तिक ब्लॉग लिहिताना आणि वाचताना या चुका टाळा

आपल्या नागपुरातले ब्लॉग बहुधा एकाच दुखण्यानं बंद पडतात. पहिले काही लेख घरचे असतात: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल भागात पाहिलेली मारबत (रोगराई, वाईट गोष्टी सोबत घेऊन जाते असं मानून मिरवणुकीनं नेतात तो पुतळा), आजीच्या हातचा वडाभात. मग कोणीतरी सांगतं, 'बाप्पा, गूगलवर वर यायला पाहिजे नं!' झालं, पुढचा लेख 'तर्री पोह्याची दहा ठिकाणं'. या याद्या शंभर जागी पडल्या आहेत आणि तिथं तुमचा निभाव लागत नाही. काळी मारबत 1881 पासून निघते हे कुठंही सापडतं. 'घेऊन जा गे मारबत' म्हणताना त्या वर्षी तुमच्या गल्लीनं तिच्यासोबत काय काय धाडलं, हे मात्र तुम्ही लिहिलं तरच राहील. लिखाण अडलं असेल तर विषय लहान करा. 'नागपूरचा उन्हाळा' ऐवजी तुमच्या घरातला कूलर आणि त्याची खस.

एका खिडकीतून अख्खं शहर

ही चूक वाचणाऱ्यांची, आणि मला ती जास्त खटकते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. फ्रिज तरंगताना पाहिलेल्या माणसानं लिहिलेलं वाचलं की बातमीतला पावसाचा आकडा एकदम खरा वाटायला लागतो. ब्लॉगची ताकद ती हीच. पण तोच माणूस पुढच्या परिच्छेदात पूर का आला, दोष कोणाचा, हेही ठणकावून सांगतो, आणि पाणी कुठवर चढलं यावर ठेवला तेवढाच विश्वास आपण त्यावरही ठेवतो. चिखल त्यानं उपसला, तेव्हा त्याबद्दल त्याचा शब्द प्रमाण. तलावाच्या सांडव्याचं गणित मात्र दुसरीकडून तपासा. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याच रात्री कोणी गाढ झोपलं होतं, तेही नागपूरच.

लिहिणाऱ्यानंही 'मी पाहिलं', 'ऐकलं' आणि 'मला वाटतं' वेगवेगळं ठेवलं तर अर्धा गोंधळ मिटतो.

नाव बदललं म्हणून निश्चिंत होणं

शेजारच्या काकूंचं नाव बदललं, पण वाडा, गल्ली आणि त्यांच्या मुलाची नोकरी तशीच ठेवली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळतं. दुसऱ्याचं आजारपण, भांडण, पैसा लिहायचा तर आधी विचारा. 'नको' म्हणाले तर विषय सोडा. पूर्वपरवानगी नंतरच्या अबोल्यापेक्षा स्वस्त पडते. आणि घराला कुलूप लावून गावाला गेलात तर फोटो परत आल्यावर टाका.

अक्षरांचा कचरा दिसतोय?

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर ब्लॉगवर चिकटवला की देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. ब्लॉगमध्ये बिघाड नसतो; ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत, वापरत नाहीत. फॉन्ट कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा, कारण घोळ बहुधा तिथंच राहतो.

बॅकअप घेतला, पण फोटो?

ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडे सगळे लेख एका फाइलमध्ये उतरवता येतात. त्या फाइलमध्ये मजकूर असतो, फोटोंचे मात्र फक्त पत्ते असतात. फोटो वेगळे साठवा. शिवाय वैयक्तिक गूगल खातं सलग 2 वर्षं वापरलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, म्हणून ब्लॉग ज्या खात्यावर आहे ते अधूनमधून उघडत जा.

'आता कोणी ब्लॉग वाचत नाही'

आवडत्या ब्लॉगांचे नवे लेख एका जागी दाखवणारं गूगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद झालं, तेव्हापासून नवा लेख आल्याचं बऱ्याच जणांना कळेनासं झालं. फीडलीसारख्या रीडरमध्ये आवडत्या ब्लॉगचा पत्ता टाकून ठेवा. वर्षातून दोनदाच लिहिणारेही मग निसटत नाहीत, आणि माझ्या मते चांगलं लिहिणारे बरेचसे तेच असतात.